उन्हाळ्याचे दोन निवाडे

मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे वर्ष तीन गावांत वाटलेले असे. थंडीचे महिने मुंबईत, भर उन्हाळा महाबळेश्वरला आणि पावसाने तिथे बसवेनासे झाले की ऑक्टोबरपर्यंत पुण्याला. साहेबांच्या मागे सचिव, कारकून, पट्टेवाले, दफ्तराच्या पेट्या आणि घरगुती सामान घाट चढे आणि उतरे. हा सारा खटाटोप एका समजुतीवर उभा होता: उकाड्यात माणसाचे डोके चालत नाही आणि राज्य चालवायचे तर डोके थंड हवे. त्याच इलाख्यात, त्याच मे महिन्यात, परळ-लालबागच्या गिरण्यांत हजारो माणसे वाफेने कोंदलेल्या खात्यांत मागावर उभी असत. त्यांच्याबद्दलही उष्म्याचा हवाला दिला जाई, पण निवाडा नेमका उलटा निघे. इकडचा माणूस उष्ण हवेमुळे मुळातच संथ, रेंगाळत काम करणारा. तेव्हा त्याचे तास लांब असले तरी बिघडत नाही, उलट लांबच हवेत. हवा एक, महिना एक, आणि निवाडे दोन. थंडी-उष्णतेचा माणसाच्या मनावर परिणाम होतो हे मला खोटे वाटत नाही, आणि त्याचे पुरावे पुढे येतीलच. परंतु कोणाला होणारा त्रास हा ‘हवेचा परिणाम’ मानायचा आणि कोणाचा त्रास त्याच्या ‘स्वभावा’त जमा करायचा, हा निर्णय गेल्या दोनशे वर्षांत थर्मामीटर पाहून झालेला नाही. तो माणसाचा हुद्दा पाहून झाला.

महाबळेश्वरपासून सुरुवात करू. 1824 साली लॉडविक हा लष्करी अधिकारी या पठारावर चढला आणि इथल्या हवेची वार्ता साहेबलोकांत पसरली. सर जॉन माल्कम 1827 मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला, तेव्हा त्याने ती मनावर घेतली. आजारी गोऱ्या शिपायांना हवापालटासाठी जागा हवी होती. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी 1829 मध्ये करार झाला, वाई भागातले खंडाळा गाव त्यांना देऊन त्याच्या बदल्यात डोंगरावरचा मुलूख इंग्रजांनी घेतला आणि नव्या वसाहतीला माल्कमपेठ असे नाव पडले. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फूट उंचीवरच्या त्या रानात रस्ते आणि बागा उठवायला चिनी आणि मलायी कैद्यांचे हात लागले. सिंगापूर-मलाक्क्याकडून आणलेल्या या कैद्यांचा तुरुंग तिथे 1864 पर्यंत होता. म्हणजे गारवा मुळातच फुकट नव्हता, कोणीतरी दगड फोडून तो दुसऱ्याला मिळवून दिला होता. आजाऱ्यांसाठी काढलेली ही जागा लवकरच धडधाकट अधिकाऱ्यांची झाली. पावसाळ्यासाठी आधी दापोडीचा बंगला होता; मग बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत गणेशखिंडीच्या राजवाड्याचे काम निघाले आणि ते 1871 मध्ये पुरे झाले. त्यावरच्या उधळपट्टीची चर्चा थेट लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेली. पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून आपण तिला ओळखतो. जून महिन्यात सरकार पुण्यात असे, म्हणूनच व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव 22 जून 1897 ला गणेशखिंडीत झाला आणि तिथून परतणाऱ्या प्लेग-अधिकारी रँडला चाफेकर बंधूंनी गाठले. इतिहासाच्या एका गाजलेल्या रात्रीचे स्थळ असे हवामानाने नेमून दिले होते.

मुंबई सरकारने जे केले तेच हिंदुस्थान सरकारने फार मोठ्या प्रमाणावर केले. जॉन लॉरेन्स 1864 मध्ये व्हाइसरॉय झाला आणि सिमला ही उन्हाळी राजधानी ठरली. कलकत्त्यातल्या पाच दिवसांपेक्षा इथे एका दिवसात जास्त काम होते, असे त्याने विलायतेला कळवले होते. हे विधान पुढे इतक्यांदा सांगितले गेले की त्याला मोजमापाची प्रतिष्ठा आली. मोजले मात्र कोणीच नव्हते. शिवाय लॉरेन्सची स्वतःची कीर्ती कशावर उभी होती? दिल्ली आणि पंजाबच्या मैदानात, ऐन उन्हात गावोगाव हिंडून महसूल बसवणारा, न थकणारा अधिकारी अशी ती होती. तरुणपणी ज्या उष्म्यात त्याने नाव कमावले, तोच उष्मा पन्नाशी उलटल्यावर राज्यकारभाराला घातक ठरला. त्याची प्रकृती ढासळली होती, ती सवलत त्याला देऊ. पण एका माणसाच्या प्रकृतीची गरज आणि शेकडो अधिकाऱ्यांचा वार्षिक प्रवास यांत फरक आहे. 1857 च्या मे महिन्यात मीरत पेटले आणि जून ते सप्टेंबर दिल्लीच्या कड्यावर इंग्रजी फौज तळ देऊन बसली, तेव्हा उष्माघाताने आणि पटकीने माणसे पटापट मरत होती. तरीही डोके चालत नाही म्हणून मोहीम दिवाळीपर्यंत पुढे ढकलावी असे कोणी सुचवले नाही. गरज पडली की उन्हात डोके चालत होते.

या समजुतीची वंशावळ जुनी आहे आणि मोठी गमतीची आहे. ॲरिस्टॉटलने थंड युरोपातले लोक शूर पण बुद्धीने कमी, आशियातले लोक बुद्धिमान पण धैर्याने कमी, आणि मधले ग्रीक दोन्ही गुणांनी संपन्न असे ठरवले. चौदाव्या शतकात ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दूनने मुकद्दिमा लिहिताना पृथ्वीचे उत्तर-दक्षिण असे सात पट्टे मानले. टोकाच्या पट्ट्यांत माणसे अर्धवट घडतात आणि मधल्या समशीतोष्ण पट्ट्यांत संस्कृती फुलते, असे त्याचे म्हणणे. त्याचा स्वतःचा मगरिब अर्थातच मधल्या पट्ट्यात होता. तरीही या दोघांत इब्न खल्दूनचे निरीक्षण अधिक बारीक आहे. हमामच्या गरम हवेत माणूस खुशीत येऊन गाऊ लागतो हे त्याने टिपले आणि उष्ण देशांतली माणसे आनंदी व बेफिकीर का, याचे उत्तर त्यात शोधले. उलट गार डोंगरांनी वेढलेल्या फेझ शहरातले लोक मान खाली घालून चालतात, उद्याची चिंता करतात आणि वर्षांची बेगमी घरात असूनही बाजारातून धान्य आणतात, असे तो सांगतो. उष्णतेने माणूस चिडतो असे आपण आज धरून चालतो; त्याच्या लेखी उष्णतेने माणूस खुलतो. एकाच कारणातून दोन विरुद्ध परिणाम तितक्याच सहजपणे काढता येत असतील, तर ते कारण आपण समजतो तेवढे बळकट नाही.

युरोपात या मताला शास्त्राचा अंगरखा चढवला तो मॉन्तेस्क्यूने. 1748 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कायद्याचे मर्म’ या ग्रंथात त्याने एक प्रयोग दिला आहे. मेंढीची जीभ घेतली, अर्धी गोठवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. थंडीने जिभेवरचे रुचीचे कोंब आक्रसून दिसेनासे झाले, ऊब मिळताच पुन्हा वर आले. एवढ्यावरून त्याने थंड देशांत संवेदना बोथट आणि धैर्य अधिक, उष्ण देशांत संवेदना तीव्र, शरीर दुबळे आणि मन भित्रे, असा सिद्धान्त मांडला आणि हिंदुस्थानी लोक स्वभावतःच भेकड असल्याचे सांगून टाकले. तो हिंदुस्थानात कधी आला नव्हता. ग्रंथ निघण्याच्या नऊच वर्षे आधी, 1739 च्या मे महिन्यात, कोकणातल्या घामट उन्हाळ्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंगांच्या आणि तोफांच्या माऱ्यात वसईचा कोट घेतला होता. आत लढणारे होते युरोपचे पोर्तुगीज. मेंढीच्या जिभेला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. पण मॉन्तेस्क्यूला विरोध करायला वसईपर्यंत जायचीही गरज नव्हती. त्याच 1748 साली स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने राष्ट्रांच्या स्वभावावर निबंध छापला आणि हवेला जवळजवळ काहीच श्रेय दिले नाही. हवा तीच राहते आणि लोकांचा स्वभाव शतकाशतकाला बदलतो, नदीच्या दोन काठांवर दोन वेगळ्या स्वभावांची माणसे राहतात. स्वभाव घडवतात ती राज्यपद्धती, धंदे, संगत, गरिबी-श्रीमंती, असे त्याचे म्हणणे होते. (ह्यूमने याच निबंधात पुढे काळ्या लोकांविषयी जी तळटीप घातली, ती मात्र त्याच्या युक्तिवादालाच काळिमा लावणारी आहे.) दोन्ही पुस्तके एकाच वर्षीची, दोन्ही युरोपभर वाचली गेली. साम्राज्याला सोयीची होती ती मेंढीची जीभ, म्हणून ती टिकली.

ती विसाव्या शतकातही टिकली. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या एल्सवर्थ हंटिंग्टनने 1915 मध्ये कनेक्टिकटच्या कारखान्यांतल्या उक्त्या मजुरीवरच्या कामगारांची रोजची कमाई आणि लष्करी व नाविक विद्यालयांतल्या विद्यार्थ्यांचे गुण हवामानाशी ताडून पाहिले. शारीरिक कामाला बाहेरचे सरासरी तापमान फॅरनहाइट साठ-पासष्ट अंश चांगले आणि बौद्धिक कामाला चाळीसच्या आसपास, असा त्याचा हिशेब आला. इथवर हे निदान मोजमाप तरी होते. पुढे त्याने यावरून जगाचा नकाशा रंगवला आणि संस्कृतीला सर्वांत पोषक हवा नेमकी इंग्लंड, वायव्य युरोप आणि त्याच्या स्वतःच्या ईशान्य अमेरिकेत सापडली. ग्रीक मध्यभागी, मगरिब मध्यभागी, आता न्यू हेवन मध्यभागी.

आता दुसऱ्या निवाड्याकडे वळू, कारण खरा पुरावा तिथे आहे. ज्यांना डोंगर चढणे शक्य नव्हते त्या साहेबांसाठी गारवा खाली आणावा लागे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने 1833 मध्ये तळ्यांतला बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला धाडला. वाटेत बराच वितळूनही शंभरेक टन पोचला. लवकरच मुंबईलाही बर्फ येऊ लागला, वर्गणी काढून बर्फघर बांधले गेले. सर जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी बातमी ‘मुंबई समाचार’ने छापल्याचे सांगतात. बर्फ चैनीचा होता. रोजचा गारवा माणसाच्या हातातून येई. छताला टांगलेला झालरीचा पंखा, भिंतीतल्या भोकातून बाहेर गेलेली दोरी, आणि व्हरांड्यात बसून ती ओढणारा पंखेवाला. दारांना वाळ्याचे पडदे आणि त्यांवर पाणी शिंपणारा भिस्ती. न्यायालयात, कचेरीत, चर्चमध्ये, जेवणाच्या टेबलावर आणि रात्रभर पलंगावर हा पंखा हले. पंखा थांबला की आतला जागा होई, कारण त्याला झोप लागण्यासाठी बाहेरच्याने जागे राहणे आवश्यक होते. डुलकी लागलेल्या पंखेवाल्याला शिव्या, लाथा, बूट हे रोजचेच. काही वेळा त्या लाथेने माणूस मरे. एलिझाबेथ कोल्स्की या इतिहासकार स्त्रीने वसाहतकाळातल्या हिंसाचाराचे खटले तपासले आहेत. त्यांत डॉक्टरी साक्षीचा एक ठरीव साचा दिसतो: हिवतापाने प्लीहा वाढलेली होती, हलक्याशा धक्क्यानेही फुटली असती. अशा साक्षीवर आरोपी किरकोळ दंडावर सुटत. उन्हाळ्याने साहेबाचा तोल गेला, हे समर्थनही समाजात चाले. म्हणजे एकाच खोलीच्या आत आणि बाहेर तापमान सारखेच असताना आतल्याचा संताप हवेच्या खात्यावर जमा होई, आणि बाहेरच्याची झोप त्याच्या आळशी जातीच्या खात्यावर.

गिरण्यांत तर हाच प्रकार अहवालांतून आणि कायद्यांतून नोंदला गेला आहे. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी 1854 मध्ये काढली आणि पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगाव उभे राहिले. विजेचे दिवे येईपर्यंत गिरणी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून पाळीही मोठी. जेव्हा अंग सर्वांत जास्त भाजते त्याच महिन्यांत सर्वांत जास्त तास. त्यात सूत कोरड्या हवेत तुटते म्हणून मागखात्यात मुद्दाम वाफ सोडत आणि खिडक्या बंद ठेवत. सुताला जी हवा मानवे ती माणसाने सोसायची. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांच्या सभा घेऊन जे निवेदन तयार केले, त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. मागण्या काय होत्या? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त काम, वेळेवर पगार, अपघातात जायबंदी झाल्यास भरपाई. दुपारचा अर्धा तास मागावा लागतो यावरून आधी काय होते ते कळते. रविवारची सुट्टी 10 जून 1890 ला मिळाली. 1905 च्या तेजीत विजेच्या दिव्यांवर काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालल्या, ओरड झाली, आणि 1907-08 चे फॅक्टरी कमिशन नेमले गेले. त्याच्या बहुमताला प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा नको होती. इथला कामगार सतत नेटाने काम करत नाही, अधूनमधून बाहेर जातो, विडी ओढतो, पाणी पितो, आंघोळ करतो. हवा, सवय आणि स्वभाव यांमुळे तो काम पसरून करतो. म्हणून लांब तास त्याला विलायती कामगाराइतके जाचत नाहीत, असा त्या बाजूचा सूर होता. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडली आणि थेट मर्यादेची मागणी केली. वैद्याच्या नजरेला दिसले ते सरळ होते: इतके तास कोणत्याच माणसाला सलग काम करता येत नाही, म्हणून तो मध्ये थांबतो. रेंगाळणे हे लांब तासांचे कारण नसून परिणाम होता. 1911 च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. सिमल्याला जाणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल मात्र असा तर्क कोणी लढवला नाही की, साहेब उकाड्यात संथ होतो, तेव्हा त्याला कलकत्त्यात चौदा तास बसवावे.

समुद्रावर तर थंडीचाही असाच उपयोग झाला. ब्रिटिश आगबोटींवर हिंदुस्थानी खलाशी निम्म्याहूनही कमी पगारात भरत. डेकवर रत्नागिरीकडचे, जेवणखाण्याच्या कामाला गोव्याचे, आणि खाली भट्टीपाशी कोळसा ओढणारे आगवाले. तांबड्या समुद्रात भट्टीचे काम गोऱ्याला झेपत नाही, काळ्याला उष्णतेची सवयच असते, असे कंपन्या सांगत. त्याच वेळी करारांत अट असे की हिवाळ्यात अमेरिकेच्या किनाऱ्याकडे अडतीस अक्षांशांच्या उत्तरेला या खलाशांना नेऊ नये, कारण त्यांना थंडी सोसत नाही. वरवर ही दयाच. पण उत्तर अटलांटिकच्या नोकऱ्या त्यामुळे गोऱ्या खलाशांकडे राखल्या गेल्या. आणि जहाजावर झोपायच्या जागेचा प्रश्न निघाला, तेव्हा गोऱ्या खलाशाला कायद्याने 72 घनफूट जागा असताना यांना 36 पुरे ठरली; उबेसाठी एकमेकांना चिकटून निजणे त्यांना आवडते, असे कारण पुढे केले गेले. उष्णता सोसते म्हणून भट्टीपाशी, थंडी सोसत नाही म्हणून निम्म्या जागेत. हवामानाच्या या शास्त्रातून खलाशाच्या पदरात काही पडल्याचे एकही उदाहरण मला आढळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की इंग्रजांची भीती ढोंगी नव्हती; इथे ते खरोखरच मरत होते. मान्य. सतराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत आलेल्या ओव्हिंग्टन या पाद्र्याने इथे माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे अशी म्हण नोंदवली आहे, आणि जुन्या कबरस्तानांतली वये पाहिली तर ती पटते. पण त्यांना मारणारी पटकी, हगवण आणि हिवताप होती, उष्णता क्वचितच. रोनाल्ड रॉसने 1897 मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला आणि हवेवरचा मोठा आरोप गळून पडला. उंचीवर डास कमी, म्हणून तिथे प्रकृती सुधारे. श्रेय गारव्याला मिळे. शिवाय हा रोग लागला की मरण्यात जातिभेद नव्हता. पंखेवाल्याची फुटणारी प्लीहा त्याच हिवतापाने सुजलेली होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आजचे संशोधन त्या साहेबांना दुजोरा देते. तेही बऱ्याच अंशी खरे आहे. न्यू यॉर्क शहरातल्या शालान्त परीक्षांच्या लाखो निकालांवरून जिसुंग पार्क यांनी दाखवले की बाहेर 32 अंश सेल्सियस असलेल्या दिवशी पेपर दिला तर 22 अंशांच्या दिवसापेक्षा गुण लक्षात येण्याइतके घसरतात. ई. सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरतेचे माग, कपड्यांचे कारखाने आणि देशभरच्या कारखान्यांची आकडेवारी तपासली. वर्षाचे तापमान एका अंशाने वाढले तर कारखान्याचे उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी कमी होते. या विषयात उथळ संशोधनही कमी नाही. हातात गरम कॉफीचा पेला असला की माणूस परक्याला प्रेमळ समजतो, हा 2008 चा गाजलेला प्रयोग मोठ्या नमुन्यावर पुन्हा करून पाहिला तेव्हा टिकला नाही. पण परीक्षा आणि कारखान्यांचे आकडे असे हवेत विरणारे नाहीत. त्यांतून जे निघते ते मात्र साहेबांच्या मताच्या उलट आहे. पार्क आणि इतरांच्या पुढच्या अभ्यासात, अमेरिकेत वातानुकूलित शाळांमधल्या मुलांचे उष्म्याने होणारे नुकसान जवळजवळ पुसले गेले. म्हणजे दोष मुलांच्या वंशात नसून खोलीत होता. भारतातल्या मुलांवरच्या एका अभ्यासात तर उष्ण वर्षांचा फटका मुख्यतः शेतीच्या उत्पन्नातून बसतो आणि रोजगार हमीचे काम मिळाल्यावर तो ओसरतो, असे आढळले. तापमान पोटाच्या वाटेने डोक्यात जाते, हे मॉन्तेस्क्यूच्या जिभेने सांगितले नव्हते.

राहिला संतापाचा प्रश्न. उष्म्याने माणूस हिंसक होतो हे सगळ्यांना पटते, म्हणून बर्कली आणि नैरोबी इथल्या प्रयोगशाळांत काही अर्थतज्ज्ञांनी सुमारे दोन हजार माणसांना 22 किंवा 30 अंशांच्या खोल्यांत बसवून त्यांचे निर्णय तपासले. विश्वास, सचोटी, धोका पत्करणे, तर्कशक्ती, बहुतेक बाबतींत फारसा फरक पडला नाही. दुसऱ्याचे नुकसान करण्याची वृत्ती वाढली ती फक्त नैरोबीत, आणि तिथेही मुख्यत्वे त्या गटात जो त्या वेळच्या राजकारणात डावलला गेला होता. उष्णता बर्कलीतही तेवढीच होती. राग जिथे आधीपासून साचलेला होता तिथेच तो वर आला. एका अभ्यासावर सारे ओझे टाकू नये हे खरे, पण ह्यूमला हा निकाल वाचून आश्चर्य वाटले नसते.

आणि एक परिणाम असा आहे की ज्याचा हिशेब सिमल्यात कधी झालाच नाही: गारव्यात बसलेल्याच्या बुद्धीवर गारव्याचा होणारा परिणाम. जेन रायझन आणि क्लेटन क्रिचर यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गरम खोलीत बसलेल्या लोकांना जागतिक तापमानवाढीची शक्यता गार खोलीतल्या लोकांपेक्षा अधिक खरी वाटली. अंगाला जे लागत नाही ते मनाला पटायला जड जाते. गांधीजी 1921 च्या मे महिन्यात सिमल्याला गेले आणि त्यानंतर त्यांनी लिहिले की, हे सरकार पाचशेव्या मजल्यावरून दुकान चालवते. गिऱ्हाइकाने तिथवर चढायचे कसे? त्यांचा रोख अंतरावर होता, पण तापमानालाही तो लागू पडतो. दुपारी अर्धा तास विसावा हवा की नको हे ठरवणाऱ्याने ती दुपार पाहिलेली नव्हती. डोके थंड ठेवल्याने निर्णय चांगले होतात ही समजूत अर्धीच खरी आहे. पेपर सोडवायला थंड डोके बरे, पण दुसऱ्याच्या उन्हाचा निवाडा करायला ते अपुरे पडते.

इंग्रज गेले आणि माल्कमपेठेत मध्यमवर्ग स्ट्रॉबेरी खायला जाऊ लागला. गारवा यंत्राने घरात आला. विलिस कॅरिअरने 1902 मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यात हवा काबूत आणली ती कागद फुगू नये म्हणून. तिथेही माणसाचा नंबर मागाहून लागला, आणि लागला तो आधी साहेबाच्या केबिनमध्ये. सिंगापूरच्या ली क्वान यू यांनी वातानुकूलनाला आपल्या देशाच्या यशाचे मोठे श्रेय दिले आहे आणि सत्तेवर येताच पहिली यंत्रे सरकारी कचेऱ्यांत बसवल्याचे सांगितले आहे. त्यांचा युक्तिवाद लॉरेन्सचाच, फक्त डोंगराऐवजी डक्ट. मला तो युक्तिवाद मान्य आहे, एका अटीवर: तो सगळ्यांना लावावा. उकाड्यात अधिकाऱ्याचे डोके चालत नसेल तर पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या सहावीतल्या मुलीचेही चालत नाही, आणि तिच्या गुणपत्रिकेवर ‘अभ्यासात मागे’ असा शेरा मारण्याआधी वर्गातला पंखा फिरतो का ते पाहायला हवे. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यात तेराव्या कलमाने कामाच्या खोलीत सुसह्य तापमान राखण्याची आणि पंधराव्या कलमाने मुद्दाम सोडलेल्या वाफेवर नियंत्रणाची तरतूद केली. लोखंड्यांच्या निवेदनापासून तिथवर यायला चौसष्ट वर्षे लागली. ती कलमे खोलीसाठी होती. ज्यांच्या कामाला खोलीच नाही, ते बांधकामावरचे, वीटभट्टीवरचे, रस्त्यावरचे मजूर त्यांत बसले नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाला मे महिन्यात अजूनही उन्हाळ्याची सुट्टी असते, आणि पावसाआधी रस्ते पुरे करण्याची महापालिकेची मुदत दर वर्षी त्याच महिन्याच्या अखेरीस संपते.